पाणपोई

अजमानला, नुऐमियात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी
खलफानकाकांच्या भिंतीला थंड पाण्याची टाकी आहे :
स्टीलची, तीन तोट्यांची, साखळीला बांधलेला एक पेला.
काका गेले त्याला दोन वर्षं झाली.
पाणी चालू होतं.
वीजबिल कोण भरतं, मी कधी विचारलं नाही.
तहान भागल्यावर कोण विचारतं?

दिवसा मी कंपनीत काचांची मापं काढते,
रात्री भरती-ओहोटीची.
'उधाण' नावाचं एक गणित आहे आमचं,
सगळ्यांना उघडं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं.
हुजैफा तुंगेकर मत्रहहून,
क्वाबेना तेमा बंदरातून,
कैसा तार्तूहून, जिथे समुद्रच नाही.
आम्ही चौघं कधी भेटलेलो नाही.
एका स्वल्पविरामावरून मात्र तीन आठवडे भांडलोय.

कुणी एक ओळ बदलली
की कुठल्याशा गार खोलीत बेचाळीस यंत्रं जागी व्हायची,
बाराशे बंदरांचं पाणी चढवून-उतरवून बघायची
आणि नऊ मिनिटांत हिरवी खूण.
यंत्रं एका मोठ्या कंपनीनं दिलेली. धर्मार्थ.
बदल्यात पानाच्या तळाशी तिचं चिन्ह,
नखाएवढं.

मंगळवारी पत्र आलं.
भाषा इतकी गोड की मी आधी अभिनंदनच समजले.
तारीख चौथ्या परिच्छेदात होती.
एकतीस.

हुजैफानं लिहिलं, धर्माची गाय, दात का नाय.
कैसानं विचारलं, कुठली गाय?
तिला गाय समजावता समजावता दोन वाजले
आणि दात मोजायचे राहूनच गेले.

रागावायचा हक्क पावतीवर छापलेला असतो.
आमच्याकडे पावती नाही.
क्वाबेना म्हणतो, त्याच कंपनीची जहाजं
आपलंच गणित बघून बंदरात शिरतात.
मग पाणपोई नक्की कुणाची होती,
आणि पेला कुणाच्या हातात?
हे मी पत्रोत्तरात लिहिलं होतं.
मग खोडलं. मग 'मनापासून आभार' लिहिलं.
तेही खोटं नव्हतं.

माझा व्हिसा कंपनीच्या नावावर,
खोली कंपनीच्या हमीवर,
फोनसुद्धा त्या व्हिसाच्या आधारावर.
जिथे प्रत्येक माणसाच्या पाठीशी कुणाचं तरी नाव लागतं
तिथे मी रात्री एक गोष्ट वाढवत होते,
वाटायचं, हिला तरी कुणी कफील नाही.
होता.
नखाएवढा.

एकतीसला पलंगाखालचा जुना लॅपटॉप काढला.
दोन कळा गळालेल्या, पंखा घरघरणारा.
बाराशे बंदरं त्याच्या पाठीवर ठेवली.
नऊ मिनिटांचं काम अकरा तासांवर गेलं.
हर्णैचं पाणी चढलं तेव्हा फजरची अजान झाली,
तेमाचं उतरलं तेव्हा मी ऑफिसात होते
आणि काचेवर चुकीचं माप लिहीत होते.
धक्क्यावरच्या होड्यांना यातलं काहीच कळलं नाही.
कळू नये, हेच तर आमचं काम.

त्याच आठवड्यात टाकी बंद पडली.
काकांची मुलं अबुधाबीला, घर विकायला काढलेलं,
मीटर कापलेला.
डिलिव्हरीची पोरं हेल्मेट काखेत धरून
तोटी दाबायची, पुन्हा दाबायची,
मग शेजारच्या तोटीला तीच परीक्षा.

शुक्रवारी बघते तर पाणी आहे.
भिंतीवरून एक पिवळी वायर
कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेलेली.
सजीवन इस्त्री करत होता.
मी विचारलं, बिल?
त्यानं शर्टाची कॉलर उलटी केली.
मी विचारलं, किती दिवस?
त्यानं भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं,
दुकानाच्या परवान्याकडे,
आणि म्हणाला, जून.

मी पेलाभर पाणी प्याले.
घरी येऊन पानाच्या तळाशी
त्या रिकाम्या नखाएवढ्या जागेत लिहिलं :
सध्या पलंगाखालून.
आणि पुढे माझ्या व्हिसाची तारीख.